जून महिन्याची सरासरी

सरासरी हा शब्द कुणी उच्चारला की माझं डोकं फिरतं. परवा बायको म्हणाली, "सरासरी आठवड्यातून दोनदा तरी तुम्ही घरात ओरडता." मी आधी त्या शब्दावरून भांडलो आणि मग ओरडण्यावरून. कुणाला हसू येईल, पण मी चेष्टा करत नाही. एका सरासरीपायी एका मुलीचं बारावीचं वर्ष गेलं, आणि ती सरासरी मी माझ्या हातांनी काढली होती.

मी मूळचा चिपळूणचा. गेली अकरा वर्षं जेद्दात आहे. एका खासगी हॉस्पिटल समूहाच्या ऑफिसात डेटाबेस सांभाळतो. समूहाचं सगळ्यात मोठं हॉस्पिटल मक्केत आहे. तिथल्या सर्व्हरची, त्यातल्या प्रत्येक डिस्कची जबाबदारी माझी, आणि यातली एकही वस्तू मी कधी पाहिलेली नाही. मी मुसलमान नाही, त्यामुळे मक्केत जायचा प्रश्नच नाही. महामार्गावर बिगरमुसलमानांचा रस्ता जिथे वेगळा फुटतो त्या फाट्यापर्यंत जायचं आणि दुसऱ्या रस्त्याला लागायचं. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. स्क्रीनवर सगळं दिसतं. जे स्क्रीनवरून करता येत नाही, ते करायला तिथे भाई होते.

भाई तिथले सिस्टिम ऑपरेटर. राजापूरकडचे, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठे. मी त्यांना भाई म्हणायचो, ते मला भाऊ. ऑफिसात सगळ्यांशी हिंदी, पण फोनवर आम्ही दोघंच असलो की ते सरळ गावच्या बोलीत उतरायचे. मी सांगायचो, ही केबल काढा, तो दिवा हिरवा आहे का बघा, आणि पलीकडून पंख्यांच्या घरघरीत आवाज यायचा, "काढली. हिरवा हाय. आणि काय?" माझे हात मक्केत होते आणि ते भाईंच्या खांद्यांना जोडलेले होते.

भाईंची बायको आणि मुलगी मात्र जेद्दात राहायच्या, कारण इंडियन स्कूल इथे. भाई रविवारी पहाटे जायचे आणि गुरुवारी संध्याकाळी परत यायचे. शुक्रवारी दुपारनंतर बहुतेक वेळा ती तिघं आमच्याकडे, नाहीतर आम्ही त्यांच्याकडे. वहिनी बांगड्याचं कालवण आणायच्या. मुलगी गणिताची वही आणायची. मराठीत विचारलं तरी ती हिंदी-इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि भाई प्रत्येक वेळी म्हणायचे, "कळतं तिला सगळं, बोलायला जीभ जड हाय." ती बारावीत गेली त्या एप्रिलमध्ये भाईंनी एकच गोष्ट धरली होती. "फेब्रुवारीपर्यंत," ते म्हणायचे. "हिची बोर्डाची परीक्षा होवू दे. मग मला उद्या जा म्हणाले तरी मी जाईन. फेब्रुवारीपर्यंत मात्र हलायचं नाय." बापाचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, गेला की बायकामुलांचाही जातो, हे इथे प्रत्येक घराला पाठ असतं. बारावीच्या अधेमध्ये शाळा सोडून गावी गेलेल्या पोराला तिथे कुणी दारात उभं करत नाही, हेही.

तर त्या एप्रिलमध्ये तो फॉर्म आला.

कशाचा, ते सांगितलं पाहिजे. डेटाबेस जे काही करतो त्याची नोंद ठेवत जातो. पेशंटचं नाव चढलं, रक्ताचा रिपोर्ट आला, खाट बदलली, सगळं क्रमाने. या नोंदींची एक फाइल भरली की तिची प्रत बाजूला ठेवायची. त्याला आर्काइव्ह म्हणतात. उद्या मूळ डिस्क बसली तर शेवटचा पूर्ण बॅकअप उतरवायचा आणि या फायली एकामागून एक लावत शेवटच्या क्षणापर्यंत यायचं. मधली एक फाइल जरी हरवली तरी तिच्या पुढच्या सगळ्या फुकट, कारण क्रम तुटला. आणि आर्काइव्ह ठेवायची जागाच भरली तर डेटाबेस थांबतो. नोंद ठेवता येत नसेल तर काम करायचं नाही, असा त्याचा नियम आहे. माणसांना हा नियम लागू असता तर मला ही पानं लिहावी लागली नसती.

जागा किती लागेल याचा हिशेब शाळकरी आहे. दिवसाला किती फायली होतात, एक फाइल केवढी, किती दिवस ठेवायच्या. गुणायचं आणि वर थोडी मोकळी जागा धरायची. सगळी मेख पहिल्या आकड्यात असते. दिवसाला किती, पण कोणत्या दिवसाला?

मक्केसाठी काम करणारा कुणीही दोन कॅलेंडरं बाळगतो. हज हिजरी महिन्यावर चालतो, त्यामुळे इंग्रजी तारखांच्या हिशेबाने दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. आदल्या वर्षी तो जुलैत होता. त्या वर्षी सरकून जूनच्या अखेरीस येणार होता. मी आदल्या वर्षीच्या हजचे दिवस काढले, त्यातला सगळ्यात गर्दीचा दिवस धरला, तीन दिवसांच्या फायली राहतील एवढी जागा आणि वर तिसरा हिस्सा मोकळा. नऊशे जीबी आले. माझ्या नोकरीत मी काही कामं नीट केली आहेत, त्यातलं ते एक.

आमचे मॅनेजर आपलेच, मराठी. गोड बोलणारे. आवाज कधी चढणार नाही, समोरच्याला अहो-जाहो. त्यांनी कागद पाहिला आणि हसले.

"अहो, नऊशे? वर्षातल्या चार दिवसांसाठी?"

"साहेब, ते हॉस्पिटल तिथे त्या चार दिवसांमुळेच उभं आहे."

"ते असू द्या. फॉर्ममध्ये काय विचारलंय? मागच्या वर्षीच्या याच महिन्याची दैनिक सरासरी. जूनसाठी मागतोय ना आपण? मग मागचा जून घाला."

"मागच्या जूनमध्ये हज नव्हताच. जुलैत होता."

"फॉर्मला हिजरी कळत नाही हो," ते म्हणाले, आणि पुन्हा हसले.

तिथेच मी फॉर्म टेबलावर ठेवून निघायला हवं होतं. पण मी ऑफिसात बरं म्हणणारा आणि घरी ओरडणारा माणूस आहे. मी बरं म्हणालो. घरी येऊन दाराला लाथ मारली. मागच्या जूनची सरासरी काढली, अडीचशे जीबी आले. खाली शेऱ्याच्या रकान्यात मी एक ओळ लिहिली, की या आकड्यात हजचे दिवस धरलेले नाहीत आणि त्या दिवसांत ही जागा सव्वा दिवसात भरेल.

त्या शुक्रवारी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडा होता. भाईंची मुलगी वही घेऊन शेजारी बसली होती, तिचं संख्याशास्त्राचं काहीतरी चाललं होतं. तिने वाकून स्क्रीनकडे बघितलं.

"अंकल, लास्ट इयर जून में तो हज ही नहीं था."

"माहीत आहे मला," मी खेकसलो. "तू तुझी वही बघ."

तिने वही पुढ्यात ओढली. भाईंनी माझ्याकडे पाहिलं. सतरा वर्षांच्या पोरीला जे एका नजरेत दिसलं ते समूहाच्या खरेदी विभागाला, मॅनेजरला आणि सही करणाऱ्या तिघांना दिसत नव्हतं, किंवा बघायचं नव्हतं. मला दिसत होतं आणि मी त्या पोरीवर आवाज चढवला.

दोन दिवसांनी मॅनेजरने बोलावलं. "शेरा काढा. शेरा असला की वरून प्रश्न येतात, मग मंजुरी रखडते. आणि समजा भरलीच जागा, तर तुम्ही आहात ना." हे शेवटचं वाक्य त्यांनी असं म्हटलं की जणू माझं कौतुक चाललंय. मी जागेवर आलो आणि शेरा काढला. शेरा असलेली जुनी प्रत मात्र लॅपटॉपमध्ये ठेवून दिली. आपण सावध आहोत असं तेव्हा मला वाटलं होतं. आता वाटतं, ज्याला बोलायचं नसतं तोच अशा प्रती जपून ठेवतो.

जून आला. हज सुरू झाला. मला स्क्रीनवर दिसत होतं, फायली एकामागून एक पडत होत्या. रोजच्या व्यवस्थेत या फायलींचा बॅकअप लाइनवरून जेद्दाला यायचा आणि मगच तिथल्या पुसल्या जायच्या. पण हजच्या गर्दीत ती लाइनही रांगायला लागली. मागच्या फायली जेद्दाला पोचत नव्हत्या आणि नव्या थांबत नव्हत्या.

अराफातच्या दिवशी, म्हणजे हजच्या मुख्य दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास भाईंचा फोन आला. "भाऊ, अडाकलं. सगळं अडाकलं."

जागा शून्य होती. मी शेऱ्यात लिहिलं होतं तसंच, सव्वा दिवसात.

मागे आरडाओरडा ऐकू येत होता. भाई बोलत होते ते मला अजून शब्दाशब्दाने आठवतं. "काउंटरला लाइन लागलीय. उन्हानं पडलेली माणसं आणतायत, स्ट्रेचरवर नाव चढवता येईना. लॅबवाले हातानं लिवतायत. बाहेरची पोलीस गाडी हटायला तयार नाय, कारण आतला माणूस उतरवून घ्यायला नंबर पायजे."

"लाइन?"

"मंद हाय. काय जात नाय." मग ते म्हणाले, "माझ्याजवळ एक नवी हार्ड डिस्क हाय, कपाटात. तिच्यावर जुन्या फायली कॉपी करू काय आधी? पाऊण तास जाईल."

पाऊण तास. मला वाटलं, पाऊण तास स्ट्रेचरं उभी राहणार. आणि हेही वाटलं, की पाऊण तास सिस्टिम बंद राहिली तर वर कळणार, शेरा का नव्हता ते विचारणार. दोन्ही वाटलं. कोणतं जास्त, ते मी आजवर स्वतःला नीट विचारलेलं नाही.

"वेळ नाही भाई," मी म्हणालो. "कालच्या फायली पुसा."

"बॅकअप नाय झालेला त्यांचा."

"माहीत आहे. पुसा. पुढचं मी बघतो."

"तुमी म्हणताव तर पुसतो," भाई म्हणाले. लेखी द्या म्हणाले नाहीत. मीही दिलं नाही. आमची कामं अशीच चालायची, मी जेद्दातून सांगायचं आणि त्यांनी मक्केत करायचं, त्यांच्या नावाच्या लॉगिनवरून.

तीन मिनिटांत डेटाबेस चालू झाला. काउंटर सुटलं. भाईंनी फोनवर सुस्कारा टाकला तो मला ऐकू आला.

आता असं केल्यावर पहिलं काम कोणतं, हे शिकाऊ माणूससुद्धा सांगेल. क्रम तुटलाय, तेव्हा ताबडतोब नवा पूर्ण बॅकअप घ्यायचा, म्हणजे तिथून नवी सुरुवात होते. मी मॅनेजरला फोन केला. "आज? आजच्या दिवशी?" ते म्हणाले. "सिस्टिम किती स्लो होईल, कल्पना आहे का? गर्दी ओसरू द्या हो. दोन दिवसांनी काय बिघडतंय?"

मी बरं म्हणालो.

दोन दिवसांनी सर्व्हर रूमचा एसी बंद पडला आणि मूळ डिस्कांचा अख्खा संच बसला. आम्ही जुना पूर्ण बॅकअप उतरवला, फायली लावत गेलो आणि पुसलेल्या फायलींच्या त्या भोकापाशी येऊन थांबलो. त्याच्या पुढच्या फायली समोर दिसत होत्या, धडधाकट, हजारेक तरी असतील, आणि त्यांचा काडीचा उपयोग नव्हता. हजच्या ऐन दिवसांतलं सगळं गेलं. नर्सांनी नंतर आठवडाभर कागदाच्या चिठ्ठ्यांवरून परत भरलं, तरी सगळं भरलं गेलं नाही. भाईंनी सांगितलं, एक म्हातारे हाजी बायकोला शोधत चार मजले फिरत होते. काउंटर त्यांना सांगायचं, या नावाचं कुणी आलेलंच नाही. ती तिसऱ्या मजल्यावर होती, सलाइन लावलेली. भाई त्यांना हात धरून घेऊन गेले.

हे ऐकलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती आग घेऊन मी कुठे गेलो? घरी. बायकोवर ओरडलो की चहा गार आहे.

ती नर्स आहे, इथल्याच एका सरकारी हॉस्पिटलात. तिने कप उचलला, गरम करून आणला आणि समोर ठेवला. "चौकशी लागेल," ती म्हणाली. "तेव्हा ओरडा. आवाज राखून ठेवा."

चौकशी लागली, जुलैच्या मध्यावर. ती मक्केत, हॉस्पिटलच्याच मीटिंग रूममध्ये. तिघांची समिती, समोर भाई. मी आणि मॅनेजर जेद्दातून स्क्रीनवर. मी तिथे जाऊ शकत नव्हतो ते खरंच, पण त्या दिवशी ते मला सोयीचं वाटलं हेही खरं. एका लांब टेबलाच्या टोकाला भाई एकटे बसलेले दिसत होते. इस्त्रीचा शर्ट घातला होता. पुढ्यात पाण्याची बाटली होती, तिला त्यांनी हात लावला नाही.

समितीने आधी अरबीत, मग इंग्रजीत, मग हिंदीत विचारलं. या फायली कोणाच्या लॉगिनने पुसल्या? माझ्या. बॅकअप नसताना? हो. मग प्रश्न आला, तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?

भाई थांबले. मान किंचित वर करून त्यांनी पडद्याकडे बघितलं, म्हणजे आमच्याकडे. किती वेळ, ते मी सांगू शकत नाही. मला तो फार मोठा वाटला. माझ्या स्क्रीनच्या तळाशी माइकचं चिन्ह होतं, त्यावर आडवी लाल रेघ. एकदा बोट टेकवलं की निघते. त्याच वेळी कोपऱ्यात मॅनेजरचा मेसेज उगवला, "कृपया म्यूटवरच राहा. मी सांभाळतो." माझा इकामा पुढच्याच महिन्यात रिन्यूला होता, आणि त्या कागदावर सही मॅनेजरची लागणार होती.

"नहीं," भाई म्हणाले. "मैंने खुद किया."

मॅनेजरने मग सांभाळलं. त्यांनी माइक सुरू केला आणि अतिशय हळहळलेल्या आवाजात म्हणाले, की माणूस चांगला आहे, दबावाखाली चूक झाली, पुढे प्रशिक्षणात सुधारणा करू. जागेचा अंदाज कसा काढला होता, असं समितीतल्या एकाने विचारलं. मॅनेजर म्हणाले, "नेहमीच्या पद्धतीने. मागच्या वर्षीच्या सरासरीवरून." त्या माणसाने मान डोलावली आणि लिहून घेतलं. सरासरी म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही. पोट भरल्यासारखी माणसं मान डोलावतात.

गुरुवारी संध्याकाळी मी भाईंच्या घरी गेलो. वहिनींनी दार उघडलं, आत गेल्या, बाहेर आल्या नाहीत. मुलगी आतल्या खोलीत होती.

"खोटं का बोललात?" मी विचारलं. मी चिडून विचारलं, जणू चूक त्यांची होती.

"तुमचं नाव सांगून काय झालं असतं? दोघं गेलो असतो."

"मग मी बोललो असतो. तुम्ही मला..."

"थांबलो होतो ना भाऊ," भाई म्हणाले. आवाजात राग नव्हता, तीच तर पंचाईत. "जरासा थांबलो होतो. वाटलं, तुमी बोलाल."

मी उठून निघून आलो. त्यांच्या जिन्यात उभा राहून मी मॅनेजरला मनातल्या मनात येतील तेवढ्या शिव्या घातल्या. समितीला घातल्या, खरेदी विभागाला, तो फॉर्म बनवणाऱ्याला. शिव्या संपल्या तरी मी जिन्यातच होतो.

ऑगस्टमध्ये माझा इकामा रिन्यू झाला. त्याच आठवड्यात भाईंना फायनल एग्झिट लागल्याचं, म्हणजे नोकरी संपवून कायमचं मायदेशी पाठवत असल्याचं, पत्र आलं. तेव्हा कुठे मी ती जुनी, शेरा असलेली प्रत छापून मॅनेजरच्या टेबलावर ठेवली. समितीला नाही, मॅनेजरला. त्यांनी ती वाचली, घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. "खलास झालं हो ते," म्हणाले. "आता उकरून कुणाचं भलं होणार?" मी हात आपटून निघालो. हात आपटायला धैर्य लागत नाही.

सप्टेंबरमध्ये शाळा उघडली. भाईंची मुलगी एक आठवडा शाळेत गेली. मग तिने नाव काढल्याचा दाखला आणला आणि माझं एक जुनं पुस्तक परत द्यायला आमच्याकडे आली. गावाकडे बऱ्याच शाळांत विचारून झालं होतं, बारावीत मध्येच कुणी घेणार नव्हतं. घरी बसून जून उजाडायची वाट बघायची, एवढंच होतं.

"इट्स ओके अंकल," ती दारातून म्हणाली. "नेक्स्ट इयर कर लूँगी."

ती गेल्यावर बायको बराच वेळ पुस्तकाचं कव्हर पुसत राहिली, धूळ नव्हती तरी. "ऐकलंत ना?" ती म्हणाली. "ओके म्हणते ती." त्या रात्री मी ओरडलो नाही. ओरडायला तोंड उघडलं होतं, पण बायकोने माझ्याकडे असं बघितलं की मिटलं.

भाई गेल्यावर त्यांच्या जागी नवा ऑपरेटर आला. तो कामात हुशार आहे, पण मी काही सांगितलं की म्हणतो, मेल करा. मला आधी राग यायचा. आता नाही येत.

पुढच्या एप्रिलमध्ये तोच फॉर्म पुन्हा आला. या वेळी मॅनेजर स्वतः माझ्या टेबलाशी चालत आले. "यंदा नऊशे टाका. हजारच टाका ना, कशाला उगाच." सरासरीचं नाव नाही, खरेदी विभागाचा प्रश्न नाही. हजार जीबी एका सहीत मंजूर होणार होते. आदल्या वर्षी ज्या जागेसाठी फॉर्मला हिजरी कळत नव्हतं, ती जागा आता मागण्याआधी मिळत होती. एवढं सोपं होतं ते. मी तेव्हा नुसतं नाही म्हणायचं होतं, दुसरं काही नाही.

मी हजार भरले. मग शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: "गेल्या वर्षीच्या अंदाजात हजचे दिवस धरलेले नव्हते. तसा शेरा होता, तो मीच काढला. बॅकअप नसलेल्या फायली पुसायला मीच फोनवर सांगितलं. तो ऑपरेटरचा निर्णय नव्हता." इंग्रजीत लिहिलं, म्हणजे सगळ्यांना कळावं. जुनी प्रत जोडली. मॅनेजरला पाठवलं, समितीतल्या तिघांना पाठवलं, खरेदी विभागाला पाठवलं, आणि भाईंच्या मेलवरही.

मॅनेजर दहा मिनिटांत आले. पहिल्यांदाच त्यांच्या कपाळावर घाम बघितला. "शेरा काढा," म्हणाले.

"नाही काढत."

"अहो, आता याने काय होणार? तो माणूस परत येणार आहे का?"

"नाही," मी म्हणालो. त्यांचं बरोबर होतं, आणि म्हणून मला त्यांची मान धरावीशी वाटली. नऊ महिन्यांपूर्वी बोट टेकवलं असतं तर काहीतरी होणार होतं. आता नुसता मी हलका होणार होतो. तेही झालो नाही. समितीकडून आजवर एका ओळीचं उत्तर नाही. माझं या नोकरीत पुढे काय होईल ते मला माहीत नाही आणि मी विचारलेलंही नाही.

भाईंचंही उत्तर आलं नाही. एक महिना गेला, दुसरा गेला. मी रोज बघायचो. मग वाटलं, बरोबर आहे, त्यांनी का द्यावं?

हज आला. अराफातचा दिवस. मी सकाळपासून स्क्रीनसमोर बसून होतो, फायली पडताना मोजत होतो. आदल्या वर्षीहून जास्त गर्दी होती. नव्या डिस्कवर जागा होती, लाइन रांगत होती तरी कुणाला काही पुसायची गरज नव्हती. काउंटर चालू होतं. कुठेतरी तिसऱ्या मजल्यावर कुणाची तरी बायको सलाइन लावून झोपलेली असेल आणि तिचं नाव खाली काउंटरला दिसत असेल.

बाराच्या सुमारास फोनवर मेसेज आला. राजापूरहून, भाईंचा. दोन महिन्यांनी पहिला.

"भाऊ, यंदा जागा पुरतेय काय?"

मी डिस्क बघितली. निम्मीसुद्धा भरली नव्हती. "पुरतेय," मी लिहिलं. मग विचारलं, मुलगी कशी आहे?

उत्तर लगेच आलं.

"बरी हाय. आता बारावी सुरू होतेय तिची."